बोळातलं दार

नायिकेला नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं. ती विहिरीच्या काठावर उभी, वारा सुटलेला, पदर फडफडतोय, आणि चंद्रमहालच्या बाल्कनीतल्या झाडून साऱ्या बायका नाकाला पदर लावून मुसमुसत होत्या. मीही त्यांच्यातच. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या अंगाला, नेमकी तिच्या पायाशी, पांढरी अक्षरं उमटली: ‘पोरे भांडीवाले यांच्या घरच्या मंडळींनी ताबडतोब घरी यावे.’

खालच्या पुरुषांनी ते एका सुरात मोठ्यानं वाचलं. साताऱ्यात तेव्हा तशी रीतच होती. फोन मोजक्या घरांत. कुणाला थिएटरातनं बोलवायचं झालं की मॅनेजरकडं चिठ्ठी पाठवायची. तो चुना फासलेल्या काचेवर काडीनं अक्षरं कोरायचा आणि ती काच यंत्रापुढं धरायचा. मग कोण उठतंय ते बघायला सगळं थिएटर माना वळवायचं. नवीन दवाखाना टाकलेले डॉक्टर तर स्वतःच चिठ्ठी पाठवून स्वतःला बोलावून घ्यायचे. फुकटात गावाला नाव कळायचं. बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे आणि पुढचा सिनेमा बघायचे.

माझं मात्र धाबं दणाणलं. साताऱ्यात पोरे भांडीवाले एकच, आणि त्या घरची मंडळी म्हणजे मी. मी इथं आहे हे कुणालाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. घरच्यांच्या हिशेबी मी बुधवारी दुपारी शिवणाच्या क्लासला असायचे.

आता आमच्या घरात चंद्रमहालचं नाव काढणं किती मोठा गुन्हा होता ते सांगायला हवं. लढाईच्या आधी रामलिंगशेठनी ते बांधलं. कमानीवर चुन्याचे दोन मोर, समोर रुंद दगडी पायऱ्या, आत छताला निळा रंग आणि त्यात बारीक बारीक दिवे चांदण्यांसारखे लावलेले. खेड्यातली माणसं गाड्या जोडून नुसतं छत बघायला यायची म्हणे. पण मागच्या बोळात दत्ताचं देऊळ, आणि देवळाच्या पंचकमिटीचे अध्यक्ष माझे सासरे. आरतीच्या वेळी गाणी वाजणार म्हणून मामंजींनी अर्ज केले, सभा घेतल्या, अन्नत्यागाची धमकी दिली. थिएटर व्हायचं ते झालंच. मग उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी आपल्या दुकानाच्या फळीवर उभं राहून, भर पेठेत सांगितलं, “माझ्या घरातलं माणूस या पायऱ्या चढणार नाही. चढलं तर ते माझ्या घरातलं नाही.”

थोरल्या जाऊबाई चढल्या. कुणी मावसबहीण आली होती, तिच्या आग्रहाखातर. शेजारच्या कापडवाल्यानं मामंजींना हसत हसत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊबाईंची पेटी टांग्यात. सहा महिने माहेरी काढले बाईनं. नंतर थोरल्या भावजींनी पुण्याला नोकरी धरली ती धरलीच. त्यांना निदान माहेर होतं. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मामाच्या घरी वाढले, आणि माझं लग्न लावून मामीनं हात झटकले होते. मला घालवलं असतं तर पेटी घेऊन मी टांगेवाल्याला पत्ता कुठला सांगणार होते?

मग जायचीस कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, विशीतली पोर मी. उठल्यापासून चुली, धुणी, आल्यागेल्याचं, शिवाय दुकानातली पितळी भांडी चिंचेनं घासून चकचकीत करायची ती आम्हीच. आठवड्यातले तीन तास कुणी ‘सूनबाई’ म्हणून हाक मारायचं नाही, एवढंच मला हवं होतं. सिनेमा कसला का असेना.

आणि सोय तरी काय सुंदर होती! बायकांचं दार मागं, बोळात. देवळाच्या मागच्या दाराच्या अगदी समोर. शेठ हुशार माणूस. बोळात शिरणारी बाई देवाला चालली की सिनेमाला, हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. त्या दारावर गोदाक्का म्हणून एक डोअरकीपर होती. आडव्या अंगाची, तोंडाळ. तिच्या शेजारी स्टुलावर कुंकवाचा करंडा आणि खडीसाखरेची पुडी. सिनेमा सुटला की प्रत्येकीच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावायची, हातावर खडीसाखर ठेवायची आणि म्हणायची, “जावा, प्रसाद घेऊन जावा घरी.”

गेल्या उन्हाळ्यात चंद्रमहाल पाडलं. मी बघायला गेले होते. मोर एका तडाख्यात खाली आले, छत दुपारपर्यंत गेलं. ते दार मात्र शेवटपर्यंत राहिलं, कारण बोळात जेसीबी शिरेना. माणसं लावून घणानं पाडावं लागलं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे आणि वर बँक. असो.

तर मी उठले. नुसती बसून राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, पण घरी काय झालंय ते कळल्याशिवाय बसवेना. मी शेवटच्या रांगेत असायचे, दाराजवळ. अंधार झाल्यावर आत आणि उजेड व्हायच्या आत बाहेर, असा माझा नेम. उठले आणि बघते तर पहिल्या रांगेतनंही एक बाई उठली. ठेंगणी, नऊवारी, डाव्या पायावर जोर देऊन चालणारी. ती चाल मी रोज स्वयंपाकघरात बघत होते.

त्या माझ्या सासूबाई होत्या. आत्याबाई म्हणत असे मी त्यांना.

जिन्यात गोदाक्काच्या बॅटरीच्या उजेडात आम्ही समोरासमोर आलो. दोघींच्याही डोळ्यांत पाणी, दोघींचीही नाकं लाल. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“शिवणाचा क्लास इथं भरतो होय गं, मंदे?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आणि पुराण, आत्याबाई? तेही इथंच?”

बुधवारी दुपारी देवळात पुराणिकबुवा बायकांसाठी पुराण सांगायचे. आत्याबाईंनी ते कधी चुकवलं नव्हतं. निदान घरी येऊन तसं सांगायच्या, आणि मामंजींच्या हातावर प्रसादाची खडीसाखर ठेवायच्या.

“भांडायचं ते घरी भांडा,” गोदाक्का म्हणाली. “मी वरीसभर दोघींना दोन टोकाला बसवत आले, आज एका पाटीनं सगळं मुसळ केरात घातलं. मालकांच्या छातीत कळ आली म्हणं दुकानात. तुमचा दुकानातला गडी धोंडीबा चिठ्ठी टाकून डॉक्टरकडं पळाला. पळा तुम्हीबी.”

आत्याबाईंनी टांगा बोलावला, आम्ही बसलो. मग म्हणाल्या, “आपण इथं आहोत हे धोंडीबाला कुणी सांगितलं?”

“मी नाही. मला तुमचंच ठाऊक नव्हतं.”

“गोदी बोलायची नाही. तिच्या दारातनं आजवर एक नाव बाहेर गेलेलं नाही.” त्यांनी हात जोडले. “दत्ता, माझ्या माणसाला संभाळ रे. मी तिथं बसून खोटं खोटं रडत होते आणि इकडं हे…”

मी त्यांचा हात धरला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच धरला असेन. मलाही मामंजींची काळजी वाटत होती, नाही असं नाही; पण सारखी ती जाऊबाईंची पेटी डोळ्यांसमोर येत होती. आत्याबाईंनी ते ओळखलं असावं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “कुणी विचारलं तर तू क्लासवरनं मला आणायला देवळात आलीस. बाकी मी बघते. तुला कुठं जाऊ देत नाही मी.”

घरी माजघरात मामंजींना गादीवर निजवलं होतं. डॉक्टर इंजेक्शनची सुई पुसत होते. हे पायाशी बसले होते, चेहरा पांढराफटक. शेजारच्या दोघीतिघी दारात. मामंजींनी डोळे उघडले, आत्याबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“आलीस?” अगदी हळू म्हणाले. “आज पुराणात काय निघालं?”

“अहो, आता कसलं पुराण! निजा तुम्ही.”

“निजूनच ऐकतोय की. सांग. बरं वाटंल.”

दारातल्या बायकांनी हात जोडले. केवढा देवभोळा माणूस, या अवस्थेतही पुराण! आत्याबाई त्यांच्या उशाशी बसल्या, पदर सावरला आणि सरळ सुरू झाल्या.

“एक राणी होती. गरिबाघरची. राजाचा तिच्यावर फार जीव. पण राजाचा एक सावत्र भाऊ होता, तो मोठा कपटी. त्यानं राणीच्या महालात दुसऱ्याच कुणाचा तरी अंगरखा नेऊन टाकला.”

सिनेमात तो कोट होता आणि राजा म्हणजे चहाच्या मळ्याचा मालक होता. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत उभी राहिले. आत्याबाईंनी गाडीचा रथ केला, वकिलाचा प्रधान केला, आणि नायिकेच्या मैत्रिणीला पोपट करून टाकलं. एक गाणंसुद्धा ओवीच्या चालीवर गुणगुणून दाखवलं. डॉक्टर बॅग भरायची थांबून ऐकत होते.

“मग राजानं राणीला घालवून दिलं. कुणी आसरा देईना. ती बिचारी विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली…”

“मग?” मामंजी म्हणाले.

“मग तुमचं बोलावणं आलं.”

मामंजींचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं पुन्हा कळ आली. मी पुढं धावले. तर ते हसत होते. डॉक्टर म्हणाले, “हसू नका, आबा, हृदयाला त्रास होईल,” तर ते जास्तच हसायला लागले.

सगळे पांगल्यावर, हे औषध आणायला गेल्यावर, त्यांनी मला दार लोटायला सांगितलं. आम्ही दोघी समोर बसलो. आता पेटी भरायला सांगतात, असं मला वाटलं.

“पुराणिकबुवा दोन वर्षांमागं मिरजेला गेले,” मामंजी म्हणाले. “लेकाकडं, कायमचे. निरोपाचा नारळ मी दिला त्यांना. बुधवारचं पुराण तेव्हापासून बंद आहे.”

आत्याबाईंनी तोंडात पदर कोंबला.

“साऱ्या पेठेला ठाऊक आहे. तुला कसं असणार? तू कधी देवळात गेलीस तर ना!” त्यांना दम लागला. “पंचकमिटीचा अध्यक्ष मी, आणि दोन वर्षं बंद पुराणाचा प्रसाद खातोय. आणि ही पोरगी. वर्ष झालं शिवण शिकतीय. घरात एक टोपडं दिसलं नाही अजून.”

“मग चिठ्ठी…” मी म्हणाले.

“मीच लिहिली. धोंडीबा निघाला होता देवळाकडं. म्हटलं, तिकडं जाऊ नकोस, वेळ जाईल.”

“अहो, मग बोलला का नाहीत?” आत्याबाई रडवेल्या झाल्या. “दोन वर्षं मी जीव मुठीत धरून जात होते!”

“बोललो असतो तर बंद करावं लागलं असतं. भर पेठेत शब्द दिलेला. पायऱ्या चढायच्या नाहीत, असा शब्द.” त्यांनी डोळे मिटले. “बोळातल्या दाराला पायरी नाही. मी स्वतः जाऊन बघून आलो होतो.”

मला हसू येत होतं आणि रडूही. मग तेच म्हणाले, “थोरलीचं मात्र चुकलं माझं. ती समोरनं चढली, लोकांनी बघितलं, आणि मला लोकांपुढं मोठं व्हायचं होतं. तिला पत्र घाला. म्हणावं, आबा बोलावतायत.”

पत्र घातलं. जाऊबाई आल्याही, पण त्याच्या पुढच्या आठवड्यात.

त्या दिवसांत मामंजींना उठायची बंदी होती. दुपारी घर निजलं की आत्याबाई त्यांच्या उशाशी बसायच्या आणि बघितलेले सिनेमे एकेक करून सांगायच्या. आता राजा-राणी करायची गरज उरली नव्हती. मामंजी नुसतं ऐकायचे नाहीत, जेरीला आणायचे. तो खुनी खिडकीतनं कसा आला, खिडकीला गज नव्हते का? एवढी गर्भश्रीमंत पोरगी, तिला सोबत द्यायला घरात एक माणूस नाही? आत्याबाई चिडायच्या, “अहो, सिनेमा आहे तो, तुमची पंचकमिटी नव्हे!” मी भाजी निवडायच्या निमित्तानं तिथंच बसायचे आणि राहिलेलं सांगायचे. इतकी वर्षं ती दोघं एका घरात राहिली. पण त्यांना असं बोलताना मी त्याच आठवड्यात बघितलं. आत्याबाई लाजायच्यासुद्धा. पोरीसारख्या.

मंगळवारी मामंजी म्हणाले, “उद्या बुधवार.”

“मग?”

“ती विहिरीच्या काठावर किती दिवस उभी राहणार? जाऊन बघून या. मला शेवट कळला पाहिजे.”

आत्याबाई म्हणाल्या, “काहीतरीच काय! तुम्ही असे निजलेले आणि मी सिनेमाला?” डॉक्टर सकाळीच नाडी बघून ‘सुधारणा आहे’ म्हणून गेले होते. तरी त्या ऐकेनात. शेवटी बुधवारी दुपारी मामंजींनी यांना हाक मारली आणि समोर बसवून सगळं सांगून टाकलं. देवळाचं, क्लासचं, सगळं. हे आधी आईकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मामंजी म्हणाले, “असा बघू नकोस. टांगा बोलाव दोघींना.”

आत्याबाई निघताना उंबऱ्यापाशी घुटमळल्या. “जाऊ ना?”

“जा गं. पोरगं आहे माझ्याजवळ. शेवट नीट बघून ये, रडत बसशील आणि अर्धं विसरशील.”

सिनेमा तोच होता, दुसरा आठवडा. गोदाक्कानं आम्हाला पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसवलं. पण माझं लक्ष लागेना. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा आम्ही दोघीही नायिकेकडं बघतच नव्हतो, पडद्याच्या खालच्या कडेकडं बघत होतो. अक्षरं आली नाहीत. मध्यंतर झालं. पुन्हा अंधार झाला. एकदा पाटी आली तशी आत्याबाईंनी माझं मनगट गच्च धरलं. कुणा डॉक्टरांना बोलावलं होतं. खालची पोरं हसली. आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं आणि मग खरोखरीच सिनेमा बघायला लागल्या. शेवटी नवरा नायिकेला शोधत येतो तेव्हा हुंदके देऊन रडल्या. सगळा शेवट त्यांनी नीट बघितला. गोदाक्कानं कुंकू लावलं, खडीसाखर दिली.

टांगा आमच्या गल्लीत वळला आणि दारात माणसं दिसली. चपला दिसल्या. आत्याबाई टांगा थांबायच्या आतच उतरल्या.

मामंजी दुपारी गेले होते. आम्ही निघाल्यावर तासाभरानं. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मान टाकली.

मी यांच्या अंगावर धावून गेले. माणसं होती, तरी गेले. “बोलावलं का नाही? चिठ्ठी पाठवायची! धोंडीबाला पाठवायचं!”

हे भिंतीला टेकून बसले होते. लहान मुलासारखे रडत होते. “कळ आली तसा मी निघालो होतो गं. चप्पल घातली होती. आबांनी हात धरला. म्हणाले, पाटी लावायची नाही. काही झालं तरी लावायची नाही. दोघींना शेवटपर्यंत बघू दे. मला शपथ घातली.”

आत्याबाईंनी ते ऐकलं. त्या आत गेल्या. मामंजींना माजघरात खाली घेतलं होतं. शेजारच्या बायकांनी आत्याबाईंना बघून गळा काढला, एकीनं त्यांच्या कपाळाकडं हात नेला. आत्याबाईंनी तो हात बाजूला केला.

“थांबा गं जरा,” त्या म्हणाल्या. “यांना शेवट सांगायचाय.”

बायकांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी मला म्हणालं, आवर तुझ्या सासूला. मी दारात आडवी उभी राहिले आणि कुणाला पुढं जाऊ दिलं नाही.

आत्याबाई त्यांच्या उशाशी बसल्या. पदर सावरला. विहिरीपासून सुरुवात केली. ती उडी टाकत नाही, एक म्हातारा तिला घरी नेतो; तिथं तिला मुलगा होतो; इकडं त्या सावत्र भावाचं पाप बाहेर पडतं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. गाणं आलं तिथं गाणं म्हटलं. नवरा गावोगाव फिरून शेवटी तिच्या दारात येतो, आणि दार उघडायला तिला उशीर होतो तेव्हा तो म्हणतो, चालेल, मी थांबतो. इथं त्यांचा आवाज अडखळला, पण त्यांनी तेही पुरं केलं.

“संपलं,” आत्याबाई म्हणाल्या, आणि मग रडल्या.